वाढवून मिळालेले दिवस

दर रविवारी उपासना सुरू होण्यापूर्वी प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत टाकण्याची आमच्या मंडळीत जुनी पद्धत आहे. पाळकसाहेब परगावी गेले म्हणजे त्या चिठ्ठ्या वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे येते. तीन वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका रविवारी अशीच एक चिठ्ठी हाती आली. तिच्यावर एका बांधवाचे नाव होते व पुढे 'हृदयाचा कॅन्सर' एवढेच लिहिले होते. लिहिणाराची चूक झाली असावी असे समजून आम्ही 'हृदयविकार' असे वाचले व पुढच्या चिठ्ठीकडे वळलो. उपासना संपल्यावर त्या बांधवाच्या पत्नी दारापाशी थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, चिठ्ठी बरोबर होती."

हे बांधव बेळगाव जिल्ह्यातील एका हायस्कुलात गणित शिकवीत. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे, म्हणून येथेही आम्ही तसेच म्हणतो. त्यांच्या आजारपणात आमच्या हातून एक चूक झाली व एका प्रश्नाचा विचार करणे आम्हाला भाग पडले. प्रश्न असा की, ज्या आजारातून माणूस बहुधा उठणार नाही, त्यात थोडे महिने वाढवून घेण्यासाठी झटावे काय? आणि हे कोणी ठरवावे? मास्तरांच्या घरच्यांनी संमती दिली आहे, म्हणून हे लिहितो.

प्रथम रोगाविषयी. हृदयाला कॅन्सर होत नाही अशी समजूत केवळ आमचीच नव्हती. प्रत्यक्षात तो होतो, पण इतका क्वचित की पुष्कळ डॉक्टरांच्या साऱ्या कारकिर्दीत एकही रोगी समोर येत नाही. कॅन्सर हा पेशींच्या बेताल वाढीचा रोग आहे, आणि हृदयाच्या स्नायूंच्या पेशी मोठेपणी जवळजवळ नव्याने होतच नाहीत. १९५० व ६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेत जो किरणोत्सारी कार्बन पसरला, तो माणसांच्या शरीरातही उतरला. त्याचाच उपयोग करून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ साली असे दाखवून दिले की, पंचविशीतल्या माणसाच्या हृदयात वर्षाला शंभरात सुमारे १ स्नायुपेशी नवी होते व पंचाहत्तरीत ते प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. इतक्या संथ कारखान्यात बिघाडही कमीच, असे या दुर्मिळपणाचे कारण सांगतात. हृदयातच उगम पावलेली गाठ दहा हजार शवविच्छेदनांत फार तर दोन-तीन वेळा आढळते. फुप्फुस, स्तन वगैरे ठिकाणचा कॅन्सर पसरत हृदयापर्यंत जातो, असे मात्र त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा घडते.

येथे एक गोष्ट वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. हृदयातील बहुतेक गाठी, चारांतील सुमारे तीन, साध्या असतात. मोठ्या माणसांत सर्वांत अधिक आढळणारी मिक्सोमा नावाची गाठ काढून टाकली की रोगी बहुधा बरा होतो. स्टॉकहोमच्या क्लॅरेन्स क्राफर्ड यांनी १९५४ साली हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने अशी गाठ प्रथम यशस्वी रीतीने काढली. म्हणून 'हृदयात गाठ आहे' एवढे ऐकून कोणी हातपाय गाळू नयेत. मास्तरांची गाठ मात्र उरलेल्या चौथाईतली निघाली. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून निघणारा अँजिओसार्कोमा तो हाच, व बहुधा हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात वाढतो.

मास्तरांना आधी दम लागू लागला, मग पाय सुजले. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचले होते व ते रक्तमिश्रित होते. आपल्याकडे असे पाणी साचण्याचे कारण बहुतेक वेळा टी.बी. असते, म्हणून टी.बी.ची औषधे सुरू झाली. त्यात चार महिने गेले. आम्ही त्याबद्दल कोणाला दोष देत नाही, कारण शंभरांतील पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत तोच अंदाज खरा ठरला असता. पाणी पुन्हा भरले, तेव्हा इको, एम.आर.आय. व शेवटी गाठीचा तुकडा काढून तपासणी झाली.

या निदानाचा इतिहास आम्ही नंतर वाचला व त्यातील एका गोष्टीने आम्हाला थांबवले. जिवंत माणसाच्या हृदयात असा कॅन्सर असल्याचे निदान प्रथम १९३४ साली अमेरिकेत झाले. त्यापूर्वी हा रोग कळे तो मृत्यूनंतर, शवविच्छेदनाच्या टेबलावर. तेव्हा रोग्याला सांगावे की न सांगावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो आता जो पडतो तो विज्ञानाने आपल्या पदरात टाकलेला आहे व आपण त्यासाठी तयार नाही.

आणखी एक गोष्ट लिहिताना लाज वाटते, पण वगळणे बरे नव्हे. मंडळीतील एक-दोघांनी आडून विचारले की, शरीरात इतके अवयव असता नेमका हृदयालाच कॅन्सर झाला, तर मास्तरांच्या हृदयात काही लपलेले पाप असेल काय? असा प्रश्न विचारण्याची सवय आम्ही उपदेशकांनीच लावली आहे. यिर्मयाच्या सतराव्या अध्यायावरून 'हृदयाचा रोग' या विषयावर आम्ही स्वतः किमान पाच वेळा उपदेश केला असेल, आणि त्यांतल्या दोन-तीन वेळा मास्तर तिसऱ्या बाकावर बसून ऐकत होते. शास्त्रात हृदय म्हणजे माणसाचे मन व बुद्धी. डॉक्टर ज्याला टाके घालतात तो मुठीएवढा स्नायू वेगळा. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता व प्रभूने तो मोडून काढला, हे योहानाच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे. या रोगाचे म्हणाल तर बहुतेक रोग्यांच्या बाबतीत काहीच कारण सापडत नाही. तो उपदेश आम्ही पुन्हा केलेला नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो. निदान झाले त्या दिवशी डॉक्टरांनी थोरले बंधू, वहिनी व आम्ही अशा तिघांना बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली व 'साधारण एक वर्ष' असे शब्द वापरले. रोगाचे नाव मास्तरांना समजले होते, पण हा आकडा त्यांना कळू द्यायचा नाही असे जिन्यातच ठरले. थोरले बंधू आम्हाला म्हणाले, "तुम्ही देवाची माणसं. तुम्ही धीर द्या, म्हणजे तो विश्वास ठेवील." आम्ही आत जाऊन मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला व संपूर्ण आरोग्यासाठी प्रार्थना केली. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होते. पण प्रार्थनेनंतर आम्ही त्यांना म्हणालो, "मास्तर, वेळेवर सापडलं आहे. काही होणार नाही." हे खोटे होते, आणि ते आमच्या तोंडून प्रार्थनेला लागूनच निघाले, त्यामुळे ते त्यांना देवाच्या नावाने सांगितल्यासारखे झाले.

नऊ आठवडे असे चालले. इंजेक्शनांच्या तीन फेऱ्या झाल्या. त्यांतील मुख्य औषध डॉक्सोरुबिसिन, लालभडक रंगाचे. ते प्रथम इटलीतील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जीवापासून मिळाले. या औषधाचे प्रमाण वाढत गेले तर ते हृदयालाच इजा करते, म्हणजे ज्या अवयवाला वाचवायचे त्यालाच त्याचा मार. तोंड आले, केस गेले. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी आम्ही भेटीस गेलो असता मास्तरांनी वहिनींना चहा करायला आत पाठवले व आम्हाला म्हणाले, "भाऊ, थोरल्यानं काल विहिरीच्या वाटणीचा विषय आपण होऊन काढला आणि माझ्या बाजूनं सोडूनही दिला. वीस वर्षांत असं झालं नाही. डॉक्टर काय बोलले?"

आम्ही काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "बाकीचे खोटं बोलतात ते मी समजू शकतो. तुम्ही प्रार्थना करून बोलता."

तेव्हा आम्ही सांगितले. मास्तर बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी विचारले ते आमच्या ध्यानीमनी नव्हते. "एक वर्ष म्हणजे काय? सरासरी की मध्यक?" आम्हाला फरक सांगता येईना. ते हसले व त्यांनी चिंचेच्या झाडाखाली धूळपाटीवर नववीच्या पोराला शिकवावे तसे आम्हाला शिकवले. रोग्यांना आयुष्याच्या क्रमाने ओळीत उभे केले तर मधोमध जो उभा राहील त्याचे दिवस म्हणजे मध्यक. अर्धे त्याच्या अलीकडे जातात, अर्धे पलीकडे, आणि पलीकडच्या रांगेला शेवट कुठे आहे हे मध्यक सांगत नाही.

पुढे आमच्या वाचनात आले की, अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी नेमके हेच लिहून ठेवले आहे. त्यांना १९८२ साली पोटाच्या अस्तराचा दुर्मिळ कॅन्सर झाला, ज्याचा मध्यक आठ महिन्यांचा होता. १९८५ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला व ते २००२ पर्यंत जगले. ते आस्तिक नव्हते. तरी आकड्याला शिक्षेचा हुकूम समजू नये हे त्यांनी आम्हा उपदेशकांपेक्षा चांगले सांगितले. हृदयाच्या कॅन्सरचे आकडे त्याहून सौम्य नाहीत. अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीत १९७३ ते २०११ या काळातील ७३ लाखांहून अधिक कॅन्सरांत हृदयात जन्मलेले अवघे ५५१ सापडले, आणि त्या रोग्यांपैकी एक वर्षानंतर शेकडा ४६, तीन वर्षांनंतर २२ व पाच वर्षांनंतर १७ जिवंत होते. त्यांत औषधांना अधिक दाद देणारा लिम्फोमाही धरलेला आहे. सार्कोमापुरते पाहिले तर चित्र याहून वाईट. मास्तरांनी ते आकडे वहीत उतरवून घेतले, खाली रेघ मारली व म्हणाले, "सतरा म्हणजे शून्य नव्हे. पण सतरा म्हणजे सतराच."

मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने आपल्या मरणाविषयी शिष्यांना उघड सांगितले तेव्हा पेत्राने त्याला बाजूला घेऊन असे कधीच होणार नाही म्हटले, व प्रभूने त्याला अत्यंत कठोर शब्दांत मागे सारले. पेत्राला ऐहिक राज्य हवे होते म्हणून त्याला फटकारले, असे आम्ही डिप्लोमाच्या वर्गात शिकलो व तसेच शिकवीत आलो. मास्तरांच्या अंगणातून परतताना आम्हाला वाटले की, पेत्र तेव्हा प्रेमानेच बोलला असेल. आपण आजाऱ्याच्या खाटेपाशी जे बोलतो तेच तो बोलला. आणि तसे बोलून त्याने प्रभूला आपल्या मरणाच्या जाणिवेत एकटे टाकले. आम्ही नऊ आठवडे मास्तरांना तसेच एकटे टाकले होते.

सत्य कळल्यावर मास्तर स्वतः मुंबईला गेले व डॉक्टरांपुढे वही उघडून बसले. गाठ औषधाने आटली होती, शस्त्रक्रिया शक्य दिसत होती. या रोगात गाठ मुळासकट निघाली तर आयुष्य सर्वांत अधिक वाढते. पण हृदयाचे मांस किती कापणार? हात किंवा पाय कापावा तसे भोवतीचे दोन बोटे जादा मांस येथे घेता येत नाही. अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल रिअर्डन यांनी १९९८ साली एका सार्कोमाच्या रोग्याचे हृदय छातीबाहेर काढले, मागच्या बाजूची गाठ कापली, भिंत पुन्हा रचली व तेच हृदय परत बसवले. ती रीत मुख्यतः डाव्या बाजूच्या गाठींसाठी आहे. उजव्या बाजूच्या गाठींसाठी आधी औषधाने गाठ आटवून मग कापावी, हा क्रम अधिक चांगला ठरत आहे असे तेथील डॉक्टरांचा अनुभव सांगतो.

दुसऱ्याचे हृदय बसवावे काय, असेही मास्तरांनी विचारले. पहिले हृदयरोपण केपटाऊन येथे ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. ते एका मिशन मंडळीच्या पाळकाचे पुत्र होते. रोगी लुई वॉशकन्स्की १८ दिवस जगले. पण सार्कोमात या मार्गाने फारसा लाभ झालेला नाही. नवे हृदय शरीराने नाकारू नये म्हणून जी औषधे द्यावी लागतात ती प्रतिकारशक्ती दाबतात, आणि कुठे कॅन्सरचा कण राहिला असेल तर त्याला मोकळे रान मिळते. शिवाय दिलेली हृदये थोडी व वाट पाहणारे फार. मास्तरांनी तो विषय तेथेच सोडला.

मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. शस्त्रक्रिया केली नाही तर काय? केली तर काय? आणि दोन्ही बाबतींत, त्या दिवसांत मी उभा राहून फळ्यावर लिहू शकेन काय? तिसरा प्रश्न आपल्याला क्वचितच कोणी विचारतो असे डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी शस्त्रक्रिया स्वीकारली.

तेव्हा प्रश्न मंडळीपुढे आला, कारण पैसे कमी पडत होते. सप्टेंबरात पंचांची सभा भरली. आमच्या एका वयोवृद्ध पंचांनी विरोध केला. ते म्हणाले की, मंडळीच्या गरीब निधीत दोन लाखांच्या आत रक्कम आहे, तिच्यातून दरवर्षी चौदा मुलांची फी भरली जाते, आणि मास्तर तर वर्षाच्या आत प्रभूकडे जाणार असे डॉक्टरच सांगतात. पुढे असेही म्हणाले की, देवाने बोलावले असता दरवाजा लावून घेण्यासारखे हे आहे, यात विश्वास कमी दिसतो. हे गृहस्थ निर्दय नव्हते. स्वतःच्या पत्नीच्या आजारात त्यांनी घर विकले होते व त्या वाचल्या नव्हत्या. ते दुःख त्यांच्या बोलण्यात होते.

विश्वासाविषयीचा त्यांचा मुद्दा आम्हाला पटला नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने प्याला टळावा म्हणून एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा मागितले. जगू इच्छिणे हे अविश्वासाचे लक्षण असते तर त्या रात्रीविषयी काय म्हणावे? फीचा मुद्दा मात्र खरा होता व आजही खरा वाटतो. एका माणसाचे काही महिने एकीकडे व चौदा मुलांचे वर्ष दुसरीकडे ठेवणारा तराजू आमच्यापाशी नाही. ज्यांच्यापाशी आहे असे जे म्हणतात त्यांची आम्हाला थोडी भीतीच वाटते. शेवटी सभेने असे ठरवले की, कोणत्याही शस्त्रक्रियेसाठी जी पन्नास हजारांची मर्यादा आहे तीच येथे लावावी, व रोगी किती दिवस जगेल हे विचारात घेऊ नये. हे उत्तर पुरे नव्हते. दोन पंच नाराज राहिले, आणि उरलेली रक्कम वहिनींच्या माहेरच्यांनी कर्ज काढून उभी केली. ते कर्ज अजून फिटायचे आहे.

त्या दिवसांत आम्ही हिज्कीया राजाची गोष्ट पुन्हा वाचली. दुसऱ्या राजांच्या विसाव्या अध्यायात व यशयाच्या अडतीस-एकोणचाळीसाव्या अध्यायांत ती आहे. राजा मरणोन्मुख असता यशयाने येऊन प्रथम काय केले? आपण जगणार नाही, घराची व्यवस्था लावा, असे तोंडावर सांगितले. संदेष्ट्याने निरोप जिन्यात नातेवाइकांना दिला नाही. राजा भिंतीकडे तोंड करून रडला व त्याने प्रार्थना केली. खरे कळले होते म्हणून त्याला काय मागायचे ते मागता आले. पंधरा वर्षे मिळाली, आणि ती देताना यशयाने अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. प्रार्थना व पोटीस एकाच खोलीत होते, त्यांचे भांडण नव्हते.

पुढचा भाग उपदेशक सहसा वाईट उदाहरण म्हणून सांगतात. वाढवून मिळालेल्या त्या वर्षांत हिज्कीयाने बाबेलच्या वकिलांना आपले सारे भांडार मिरवून दाखवले. त्याच वर्षांत मनश्शे जन्मला, कारण बाप वारला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, व तो यहूदाच्या राजांत अत्यंत दुष्ट निघाला. यावरून कित्येक जण म्हणतात की, राजाने मागितलेच नसते तर बरे झाले असते. आम्हीही पूर्वी तसे म्हणत असू. पण देवाला ती वर्षे दिल्याचा पस्तावा झाला असे शास्त्र कुठेच म्हणत नाही. मनश्शेचा नातू योशीया निघाला. आणि मत्तयाने पहिल्याच अध्यायात जी वंशावळ दिली आहे तिच्यात हिज्कीया, मनश्शे, आमोन, योशीया अशी नावे एका ओळीत आहेत. ती पंधरा वर्षे चांगली वापरली की वाईट, याचा हिशेब हिज्कीयाला स्वतःलाही लागला नसता.

मास्तरांचेही तसेच झाले. ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. उजव्या कप्प्याच्या भिंतीचा मोठा भाग काढून तेथे गुरांच्या हृदयावरणापासून तयार केलेले ठिगळ लावले. तपासणीत एका कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्याचे निघाले, म्हणून पुन्हा औषधे. डिसेंबरात त्यांच्या मुलीचे लग्न आमच्याच मंदिरात लागले, मास्तर वेदीपर्यंत तिचा हात धरून चालत आले. जानेवारीपासून ते आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाऊ लागले व खुर्चीवर बसून दहावीला बीजगणित शिकवले. पण सगळे दिवस सोन्याचे गेले असे आम्ही लिहिणार नाही. मास्तर तगले आहेत असे दिसताच थोरल्या बंधूंनी विहिरीची वाटणी पुन्हा उकरून काढली, आणि मास्तरांनीही माघार घेतली नाही. उन्हाळाभर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. तलाठ्याच्या कचेरीत मास्तर धापा टाकत जिना चढताना आम्ही त्यांना पाहिले आहे. त्यासाठी का ते ठिगळ लावले होते, असे त्या क्षणी आमच्या मनात आले.

नंतर आम्ही स्वतःकडे पाहिले. त्याच सतरा महिन्यांत आम्ही काय केले? घरपट्टीवरून नगरपालिकेशी वाद घातला, एका सहकाऱ्याशी अबोला धरला, पुष्कळ संध्याकाळी नुसत्या वर्तमानपत्रात घालवल्या. आम्हाला कोणी विचारले नाही की, हे दिवस तुम्हाला का मिळावेत. धडधाकट माणसाला दिवस फुकट मिळतात, तर आजाऱ्याने प्रत्येक महिन्याची पावती दाखवावी असा आग्रह आम्ही का धरतो? त्याने शेवटचे दिवस पवित्र, शांत, क्षमाशील घालवावेत अशी आपली अपेक्षा असते, आणि ती बरीचशी आपल्या सोयीची असते. मास्तरांचे दिवस मास्तरांचे होते. विहिरीचे भांडणही त्यांचेच होते.

पुढच्या उन्हाळ्यात फुप्फुसांत ठिपके दिसले. दुसरे औषध सुरू झाले व ऑगस्टमध्ये मास्तरांनी ते आपण होऊन बंद केले. यावर काहींनी आक्षेप घेतला की, देवाने दिलेला जीव असा सोडून द्यावा काय. पहिल्या सप्टेंबरात जे म्हणत होते की शस्त्रक्रिया नको, त्यांतले एक आता हे म्हणत होते. मास्तरांचे उत्तर असे होते की, या औषधाने मिळणारे दिवस मला खाटेवर पडून ओकण्यात घालवावे लागतात, ते मला नकोत. हा जीव फेकून देणे नव्हे. मरण ओढवून घेणे वेगळे, व जे येतच आहे त्याच्याशी लढणे एका ठिकाणी थांबवणे वेगळे. त्यांनी पहिले केले नाही.

उपचार थांबले म्हणजे काळजी थांबते असा समज आपल्याकडे अजून आहे. लंडनमध्ये डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, ते हाच समज मोडण्यासाठी. त्या परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या, आणि या कामाला त्यांनी प्रभूचे पाचारण मानले. आपल्या देशात मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ साली उघडले व त्याची शाखा गोव्यातही आहे. आमच्या सीमाभागातील मंडळ्यांना तिची माहिती असली पाहिजे, पण पुष्कळांना नाही. मास्तर घरीच राहिले. धाप कमी व्हावी म्हणून थोड्या प्रमाणात मॉर्फिन दिले जाई. ते देणे पाप आहे काय असे वहिनींनी आम्हाला विचारले, व नाही म्हणून सांगायला आम्हाला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

नोव्हेंबरात, निदानापासून सतरा महिन्यांनी, ते गेले. थोरले बंधू पुरणविधीला आले, पण घरात आले नाहीत.

त्यांच्या चिठ्ठ्या आमच्या उपासना-संगीताच्या पुस्तकात अजून आहेत. ऑगस्टमध्ये अंगणात बोलणे झाले त्याच्या दुसऱ्या रविवारी मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात पहिली चिठ्ठी पाठवली. तोवर आम्ही दर रविवारी त्यांच्यासाठी 'संपूर्ण आरोग्य' मागत असू. चिठ्ठीवर लिहिले होते, 'डिसेंबरपर्यंत. मुलीचे लग्न.' व्यासपीठावरून ते मोठ्याने वाचताना आमचा आवाज नीट राहिला नाही, आणि मंडळीत एकदम शांतता पसरली, कारण देवापाशी इतके थोडके व इतके नेमके कोणी मागितलेले आम्ही ऐकले नव्हते. लग्न पार पडल्यानंतरच्या रविवारी दुसरी चिठ्ठी आली. तिच्यावर 'मार्च. दहावीची परीक्षा' असे होते.